मत कुठं आहे तुझं?

ज्या दिवशी मी चंडीगड सोडलं, त्या दिवशी गाडी अंबाल्याला पोचायच्या आत घरमालक काकांनी मला मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं. पाच वर्षं त्यांच्या डोक्यावरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले, त्यांच्या घरची कढी प्यायले, निघताना काकू स्टेशनवर डोळे पुसत होत्या, आणि हे गृहस्थ घरी बसून माझं नाव खोडत होते! मी गाडीतूनच फोन लावला. म्हटलं, "काका, निदान दिल्ली तरी येऊ द्यायची होती."

"काहून?" काका म्हणाले. "तू आता पुण्याची झाली. पुण्यात पाणी कवा येते ते ऐक. आमच्या नळाचं तुले काय करायचं?" आणि फोन ठेवला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण चंडीगडातल्या प्रत्येक मराठी माणसाला काकांचा एकदा तरी असा राग आलेला आहे, आणि बदली होऊन गेलेल्यांतला प्रत्येक जण नव्या गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यात कुणाला तरी विचारतो, "इथलं मतदार यादीचं ऑफिस कुठं हो?" मीसुद्धा विचारलं. सवय लावून ठेवली त्या माणसानं, दुसरं काय.

आमची पहिली भेटच मुळी वादाची. त्याआधी मी मोहालीत राहायचे, ऑफिसच्या जवळ. तिथल्या मालकीणबाई फार प्रेमळ. पराठ्यावर लोण्याचा गोळा स्वतःच्या हातानं ठेवायच्या. पण खोली देताना एवढंच म्हणाल्या होत्या, "बेटा, घर तुम्हारा है, बस वोट यहाँ की नहीं बनवानी." तिकडे पुष्कळ घरमालकांना हीच धास्ती, की भाडेकरूचं नाव त्या पत्त्यावर यादीत चढलं की तो हलायचं नाव घेत नाही. मला उलट हायसं वाटलं. माझं मत तासगावजवळच्या आमच्या गावात, आईच्या नावाच्या खाली, यादीत सुखानं नांदत होतं. त्याला हलवायची मला काय हौस?

पुढे मालकीणबाईंचा मुलगा कॅनडाहून परत आला आणि खोली सोडावी लागली. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, सेक्टर बावीसमध्ये बस स्टँडच्या मागे एक मराठी जोडपं राहतं, वरची खोली रिकामी आहे, पण म्हातारा जरा सटकलेला आहे. मी गेले. म्हाताऱ्यानं मला व्हेज-नॉनव्हेज विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार विचारलं नाही, मित्र येतील का विचारलं नाही. डोक्यावरची माकडटोपी वर सरकवून पहिलाच प्रश्न, "मत कोठी आहे तुहं?"

"गावाकडं," मी म्हटलं.

"इथी किती दिवस राहशीन?"

"बघू. दोन-तीन वर्षं."

"म्हंजे तीन वर्षं आमचं पाणी पिशीन, आमच्या रस्त्यानं जाशीन, आमच्या बागेत फिरशीन, अन् मत ठेवशीन तासगावले. मंग खोली बी तासगावलेच घे ना बाप्पा!"

मी उठणारच होते. तेवढ्यात आतून काकू चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बस गं. हो म्हण. खोली हवेशीर आहे." अट अशी, की सहा महिन्यांत पत्ता बदलण्याचा फॉर्म भरायचा. काका स्वतः सही देणार, कागद स्वतः नेऊन देणार. नाही भरला तर खोली खाली. आधीच्या दोघा भाडेकरूंना खरोखर काढलं होतं म्हणे. भाडं किती ते सांगायचं काका विसरलेच, काकूंनी आठवण केली.

काका मूळचे अकोल्याकडचे. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात नकाशे काढायचे. तीन वर्षांच्या बदलीवर आले आणि बत्तीस वर्षं राहिले. उंच, सुकलेले, दसऱ्यापासून होळीपर्यंत तीच तपकिरी माकडटोपी, आणि पायात काकूंनी विणलेले दोन वेगळ्या रंगांचे मोजे, कारण एका रंगाची लोकर पुरायची नाही. त्यांचं सगळं आयुष्य एका सायकलवर चालायचं. बाकी बोलणं वऱ्हाडी, भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या सरदारजींशी पंजाबी. पण सकाळी सात वाजता हा माणूस एकदम बदलायचा. टोपी काढायचा, ताठ बसायचा, घसा खाकरायचा, आणि मोबाइल तोंडासमोर धरून शुद्ध, कडक इस्त्रीच्या मराठीत सुरू व्हायचा, "नमस्कार. चंडीगडचं मराठी बातमीपत्र. आज सेक्टर बावीसच्या मागच्या गल्लीत झाडांची छाटणी होणार असल्यामुळे आपली वाहने रात्रीपासून तेथे ठेवू नयेत."

हे पाच मिनिटांचं बातमीपत्र ग्रुपवर जायचं. चंडीगड, मोहाली, पंचकुला, मनीमाजरा, जिथे म्हणून मराठी घर आहे तिथे. पाणी कधी, कुठली बस कुठून सुटते, डासांची फवारणी कोणत्या सेक्टरात, वॉर्डाची बैठक कुठे, यादीत नाव घालायचा शेवटचा दिवस कोणता. मुंबईची बातमी नाही, दिल्लीची नाही, क्रिकेट नाही. मध्येच कुकरची शिट्टी, आणि पाठीमागून काकूंचा आवाज, "आधी दूध उतू चाललंय ते बघा!" काका ते कधी कापत नसत. म्हणायचे, "खरं आहे ना? दूध उतू चाललं होतं ना? मंग राहू दे."

त्यांचा एक कायदा होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बातमी वाचायची नाही. बस थांबा हलवला असं कुणी सांगितलं की काका सायकल काढायचे, नव्या थांब्यावर उभे राहायचे, बस येऊन थांबली की परत. डिसेंबरात धुकं इतकं की समोरचं झाड दिसत नाही, तरी हा माणूस छाटणी झाली का ते बघायला निघालेला. काकू दारात उभ्या राहून ओरडायच्या, "अहो, झाडच दिसणार नाही, फांदी काय दिसणार!" काका जायचेच. दुसरा कायदा, मत द्या म्हणायचं, कुणाला द्या ते कधीही म्हणायचं नाही. एका उमेदवाराचा माणूस मिठाईचा मोठा डबा घेऊन आला होता, "अंकल जी, आपके ग्रुप में बस एक लाइन बोल दो." काकांनी त्याला चहा पाजला, डबा परत त्याच्या हातात दिला, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीपत्रात वाचलं, "काल आमच्याकडे मिठाई आली होती. आम्ही ती खाल्ली नाही."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कुठून? तर अमेरिकेतून! ऐकल्यावर मीही हसले होते. मुलगी टेक्सासात, तिच्याकडे दोघं सहा महिने गेले होते. मुलगी-जावई दिवसभर कामावर, काकूंना टीव्ही, काकांना काही नाही. शेजारी मेक्सिकोहून आलेली एक म्हातारी. तिच्या स्वयंपाकघरात सकाळपासून रेडिओ चालू, सगळा स्पॅनिशमध्ये. काका कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचे. एकमेकांची भाषा शून्य. ती यांना मक्याच्या गरम पोळ्या द्यायची, हे तिला काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी. नात शाळेत स्पॅनिश शिकत होती, ती आली की रेडिओवर काय चाललंय ते आजोबांना सांगायची.

"अन् काय चाललं होतं सांगू?" काका हे सांगताना नेहमी उभे राहायचे. "गाणे होते. भांडणं होते. पण मधात मधात बाई सांगे, मतदान कोणत्या शाळेत आहे, किती वाजेपर्यंत आहे, शाळेच्या कमिटीवर कोण उभं आहे, काय कागद घेऊन जायचे. रोज सांगे. अन् त्या दिवशी बुढीनं नवा झगा घातला, लिपस्टिक लावली, गल्लीतल्या तीन बाया गाडीत घातल्या अन् गेली मत द्यायले! तिचा पोट्टा तिथीच जन्मलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा, तो सोफ्यावर झोपून होता. त्याले सारं समजे, पण तो नाही गेला. बुढीले इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं, ती गेली. काहून? तिच्या भाषेत तिले रोज कोणीतरी सांगून राहिलं होतं ना, की बाई, तू बी इथलीच आहे!"

मी एकदा विचारलं, "म्हणजे रेडिओनं सगळं भलंच केलं?"

"भलं कसं? त्याच रेडिओवर एक दिवस कोणी फोन करून बोललं, की मतदानाच्या जागी पोलीस माणसं पकडून राहिले. खोटं होतं. दुसऱ्या दिवशी त्यायनंच सांगितलं खोटं होतं म्हणून. पण बुढीची भाची घाबरून घरी बसली ती बसलीच. कागद सारे पक्के होते तिचे. आपल्या भाषेतलं खोटं लवकर आत जाते पोरी. परक्या भाषेतल्यावर माणूस शंका तरी घेते." म्हणून ती सायकल आणि म्हणून ते कायदे. मला तेव्हा कुठे त्या धुक्यातल्या फेऱ्यांचा अर्थ लागला.

परत आल्यावर काका मराठी मंडळाच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, या शहरात आपली एवढी घरं, पण यादीत नावं हाताच्या बोटांवर. अध्यक्ष एका मोठ्या ऑफिसातले साहेब, साताऱ्याचे. ते हसून म्हणाले, "अहो, आपण इथं पाहुणे. तीन वर्षं काढायची आणि निघायचं. इथल्या राजकारणात आपल्याला कोण विचारतंय?"

"पाहुण्याले कोणी विचारतच नाही साहेब," काका म्हणाले. "पाहुणा फक्त जेवते. मी बत्तीस वर्षं जेवलो." आणि उठून आले. त्यानंतर दोघांची बोलाचाली जेमतेम. पण साहेबांच्या बायकोनं गुपचूप फॉर्म भरला, आणि ग्रुपमध्ये साहेबही होतेच, नुसते ऐकायला.

मी सहा महिने टाळाटाळ केली. पण रोज सकाळी दात घासताना खालून तो आवाज यायचा. हळूहळू व्हायला लागलं असं, की ऑफिसात कुणी म्हणालं, अमुक चौकात रस्ता बंद आहे, तर मी म्हणायचे, "परवापासून उघडलाय यार, पक्का!" मला शहर कळायला लागलं. वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही, तर खालची घरं एकाच वेळी पंप लावतात, आणि त्यावर वॉर्डाच्या बैठकीत कुणी बोललं तर वेळा वाटून मिळतात, हेही कळलं. ग्रुपमधली पोरं घरी हिंदीतच बोलायची, पण "आज अपने पार्क का नाम आया" म्हणून नाचायची. एका रविवारी मी आपण होऊन खाली गेले आणि म्हटलं, "आणा तो फॉर्म." काकांनी खिशातलं पेन काढून दिलं. काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

पुढं वॉर्डाची निवडणूक आली, मी मत दिलं, आमच्या गल्लीतली सगळी मराठी घरं रांगेत होती. काका प्रत्येकाच्या बोटाची शाई जवळून बघत होते. पाण्याच्या वेळा वाटून मिळाल्या, बरसातीत नळाला धार आली. मी खूश होते. आईला मात्र मी मत हलवल्याचं सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही. पण फोनवर विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही.

आता आईचं सांगते. वडील गेल्यापासून ती शिवणकाम करते. आमच्या गावच्या एसटी स्टँडवर बायकांना आडोसा नाही. बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरनं बायका येतात त्या सकाळपासून पाणी न पिता येतात, आणि दुपारी डोकं धरून आईच्या दुकानाच्या पायरीवर बसतात. आई पंधरा वर्षं ग्रामसभेत एकच मागत होती, स्टँडवर मुतारी बांधा. तिनं हा शब्द उच्चारला की माणसं खाली मान घालून हसायची. शेवटी तिनं ठरवलं, आपणच निवडून जायचं. वॉर्डातली बायकांची जागा होती. एका पॅनेलनं तिला उभं केलं. दुसऱ्या पॅनेलनं काय करावं? भावकी फोडायला तिच्यासमोर आक्काला उभं केलं. आक्का म्हणजे आईची थोरली जाऊ, माझी चुलती, भिंतीला भिंत लागून घर. दिवसभर दोघी वेगवेगळ्या जीपमधून प्रचार करायच्या आणि संध्याकाळी आई विरजण आक्काकडूनच आणायची. 

मतदानाला दहा दिवस असताना आईचा फोन आला. पाठीमागं शिलाई मशीन चालू होतं, कुणीतरी शिकाऊ बाई शिवत असणार.

"आगं, यादीत तुझं नाव न्हाय! कापलं कुणीतरी. आमची माणसं लई भडकलीत. उद्या सगळी तहसीलला जाऊन बसणार हायत. मी बी जाणार. तू तिकीट तेवढं काढून ठेव, नाव कसं चढत न्हाय बघते मी!"

"आई, थांब. तहसीलला जाऊ नको. कुणी कापलं नाही. मीच हिकडं आणलंय."

मशीन थांबलं.

"मला न सांगता?"

"तू उभी राहणार हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?"

"तसं न्हवं. मला न सांगता?"

"हो."

"बरं," आई म्हणाली. "नेलंस तर नेलंस. तिकडं थंडी हाय का?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी चार दिवस नीट जेवले नाही. काकांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत, की वरच्या पोरीची आई स्टँडवरच्या मुतारीसाठी निवडणुकीला उभी आहे, आणि त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. रोज जिना चढताना विचारायचे, "काय म्हणते ताईचा प्रचार?"

निकालाच्या दिवशी मी ऑफिसात होते. गावाकडून चुलतभावाचा फोन आला. आई पडली. एका मतानं.

घरी आले तर काका फाटकातच उभे. हातात जिलबीची पुडी. "काय झालं? ताई आल्या ना निवडून?"

आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी म्हटलं, "एका मतानं पडली. ते मत कुठं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हीच नेऊन दिलंत." आणि जिना चढून गेले. मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, खालून आवाज आला नाही. सव्वासात, साडेसात. बातमीपत्र नाही. काकांना ताप असतानाही ते कधी चुकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घराघरातून फोन सुरू झाले. चौथ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष, ते साताऱ्याचे साहेब, स्वतः दारात. काकूंना म्हणाले, "वहिनी, आजारी आहेत का? सात वाजले की घर मुकं वाटायला लागलंय हो." काका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते बाहेर आले नाहीत.

मी खाली गेले, पायाशी बसले, माफी मागितली. म्हटलं, "काका, फॉर्म मी माझ्या हातानं भरला. तुम्ही काही हात धरून भरवला नाहीत."

"पोरी," ते तिकडेच बघत म्हणाले, "नळ पाहिला, बस पाहिली, झाडाची फांदी पाहिली. लोकायचं मत उपटून आणलं, ते कोणाच्या दारातून उपटून आणून राहिलो, ते नाही पाहिलं. आता मी कोणत्या तोंडानं सांगू लोकायले?"

काकू म्हणाल्या, चार दिवस नुसत्या चहावर आहेत. शेवटी आईलाच फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा मानूस माझ्यापायी जेवना झालाय? थांब. येते मी." आणि खरंच मिरजेला गाडीत बसून आली. आयुष्यात पुण्याच्या पुढे कधी गेली नव्हती.

दुपारची वेळ होती. तिनं हातपाय धुतले, पिशवीतून बेदाण्याची पुडी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला आणि थेट खाली गेली. तिला बघून काका धडपडत उठले. टोपी काढली. हात जोडले. "ताई, मी तुमचा गुन्हेगार हाओ."

"बसा भाऊ," आई म्हणाली. "एक सांगायला आले. पोरीला बी सांगितलं न्हाय आजवर. कुणालाच न्हाय."

काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. आई खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसली.

"मतदानाला आत गेले," आई म्हणाली. "मशीनवर दोनच नावं. एक माझं, एक आक्काचं. बोट माझ्या नावावर नेलं आन् लाज वाटली बघा. आपल्या ताटात आपणच वाढून घ्यायचं? मत काय आपण आपल्याला द्यायचं असतंय व्हय? लोकांनी द्यायचं असतंय ते. आन् समोर नाव कुणाचं, तर आक्काचं. लग्न हून आले तवा मला भाकरी थापता येत न्हवती, तिनं शिकवली, सासूला कळू दिलं न्हाय. तिचं नाव डावलून माझं दाबू कसं? तिचंच दाबलं."

मी आईच्या शेजारी जाऊन बसले. काका हळूहळू खाली बसले, बोटांवर मनाशी हिशेब करायला लागले, आणि एकदम ओरडले, "थांबा ताई! तुमच्या पोरीचं मत तिथी असतं तर नुसती बरोबरी झाली असती. मंग चिठ्ठी. काही बी झालं असतं. पण तुमचं सोताचं मत तुम्ही सोताले दिलं असतं, तर आक्काचं एक कमी अन् तुमचं एक जास्त. तुम्ही निवडून आल्या असत्या!"

"तेच तर सांगायला आले न्हवं का," आई म्हणाली. "माझ्या पडण्यात तुमचा काय बी हात न्हाय. मी माझी पडले."

काकूंना हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी हसू बाहेर. मग मी हसले, आई हसली, पण काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला होता खरा, इतक्या दिवसांचं ओझं उतरलेलं दिसत होतं, पण लगेच ते चिडले. "ताई, हे चूक केलं तुम्ही. लई चूक केलं. लाज कशाची? त्या बाया उन्हात डोकं धरून बसतात ना, त्यायच्यासाठी उभ्या होत्या तुम्ही. आता मुतारीचं काय?"

"मुतारीचं काय म्हंजे?" आईचाही आवाज चढला. "मत दिलंय मी तिला. फुकट दिलंय व्हय?"

आणि तिथंच, काकांच्या समोर, तिनं मला आक्काला फोन लावायला सांगितला. मी लावला, स्पीकरवर टाकला.

"आक्का, मी बोलतीया. चंडीगडवरनं."

"आगं बया! तिकडं कुठं गेलीस? दाराला कुलूप बघून मला वाटलं, माझ्यावर रुसून म्हायेरी गेलीस."

"रुसले न्हाय. एक सांगायचं हुतं. माझं मत मी तुला दिलं."

मग आक्का म्हणाली, "खोटं बोलतीस."

"तुझ्या पायाची शप्पत. तू किती मतानं आलीस?"

"एका."

"ते एक माझं हाय," आई म्हणाली. "आता मुतारी बांध."

काका टोपी हातात धरून बसले होते. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग आक्का म्हणाली, "जागा कुठली धरायची ते मला काय ठावं? पंधरा वर्सं तू बोंबलतीयास. तू ये आन् जागा दाखव."

"रविवारी येते," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग मात्र तोंडाला पदर लावून ती हमसून हमसून रडली. काका तर तिच्या आधीच रडत होते. काकूंनी कुणाचं काही न ऐकता चार ताटं मांडली आणि गरम वरणभात वाढला, वर आईनं आणलेली चटणी. काकांनी मोठा घास घेतला, डोळे पुसले, आणि म्हणाले, "अजून थोडा भात वाढ."